ओरखड्यांची बाराखडी

आधी हा तुकडा उजेडात धरू या. काडेपेटीहून थोडा मोठा, कांद्याच्या पापुद्र्याहून जरासा जाड, कोपरे गोलसर कापलेला प्लास्टिकचा चौकोन. समोरून सरळ पाहिला तर त्यात पाहण्यासारखे काहीच नाही. पलीकडची खिडकी, दोरीवरचे टॉवेल, शेजारच्या गॅलरीतली तुळस हे सगळे त्यातून निमूट दिसत राहते. पण सकाळचे ऊन तिरपे येत असताना तो चिमटीत धरून किंचित कलता केला, की त्याच्यावर एकाएकी शेकडो रुपेरी रेषा उजळतात. मध्यभागी त्यांचा इतका दाट गुंता, की एखाद्या कोळ्याने रात्रभर तिथल्या तिथेच येरझाऱ्या घातल्या असाव्यात. कडेकडेला मात्र त्या सुट्या, मोकळ्या, एकेक करून वाचता याव्यात अशा. आणखी अंशभर कलवला, की सगळे पुन्हा नाहीसे.

असे तीन तुकडे माझ्यापाशी आहेत. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या बटणांच्या डब्यात, हुकांच्या पुडीखाली, कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेले ते सापडले. मामाने २००७ साली सिंगापूरहून आणलेल्या निन्टेन्डो डीएस लाइट या दोन पडद्यांच्या हातातल्या गेमयंत्राच्या खालच्या पडद्यावर एकामागून एक बसलेली ही तिन्ही कव्हरे घरी कापलेली, घरी चिकटवलेली आणि झिजल्यावर घरीच जपून ठेवलेली. स्क्रीनगार्ड हा शब्द आमच्या घरात तेव्हा आलेला नव्हता. आई त्याला 'कव्हर'च म्हणे, वहीच्या कव्हरासारखे, आणि हा शब्द किती नेमका होता ते पुढे पाहूच.

यंत्र आधी पाहून घेऊ, कारण संरक्षणाचा पहिला विचार त्याच्या घडणीतच आहे. मिटले की ते चष्म्याच्या घरासारखे होते: १३३ मिलिमीटर लांब, ७४ मिलिमीटर रुंद, वजन २१८ ग्रॅम. उघडताना बिजागरी एका ठरावीक कोनावर अडखळते, आणि ते अडखळणेही सुखद, जुन्या सागवानी पेटीचे झाकण आपल्या वजनाने एका जागी थांबावे तसे. मिटल्यावर दोन्ही पडदे एकमेकांसमोर येतात आणि बाहेरच्या जगाला फक्त कवचाची पाठ दिसते. ही मिटण्याची युक्ती या कंपनीकडे फार जुनी. गुन्पेई योकोई यांच्या कल्पनेतून निघालेल्या गेम अँड वॉच या मालिकेत १९८२ सालीच दोन पडद्यांचे, मिटणारे यंत्र आले होते. त्याच योकोईंच्या चमूने १९८९ साली केलेला गेम बॉय मात्र उघड्या तोंडाचा होता. त्याच्या पडद्यावर प्लास्टिकची वेगळी खिडकी बसवलेली असे आणि मुलांच्या दप्तरांतले सगळे घाव ती खिडकी सोसत असे. गंमत अशी, की ओरखडा खिडकीवर आणि चित्र तिच्याखाली काही अंतरावर, त्यामुळे ओरखडे चित्रावर तरंगल्यासारखे दिसत. हिरवट पार्श्वभूमीवर एक दुसराच, न सांगितलेला पाऊस. २००३ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आला तो पुन्हा मिटणारा, आणि डीएसने तीच वाट धरली.

पण मिटलेले यंत्र खेळता येत नाही, आणि डीएसचा खालचा पडदा तर खेळण्यासाठी टोचावाच लागतो. या पडद्याची रचना समजून घेतली, की आपल्या हातातल्या तुकड्याची थोरवी दुप्पट होते. आजच्या फोनची काच बोटातल्या विजेच्या सूक्ष्म अस्तित्वाने जागी होते. डीएसच्या पडद्याला बोट, काडी, पेन्सिलीची मागची बाजू सगळे सारखेच, कारण त्याला फक्त दाब कळतो. खाली काच, वर लवचीक प्लास्टिकचा पातळ थर, दोघांच्या समोरासमोरच्या अंगांवर वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप, आणि मध्ये डोळ्यांना न जाणवणाऱ्या ठिपक्यांनी राखलेले केसभर अंतर. काडीचे टोक टेकले की वरचा थर वाकून खालच्याला भेटतो, आणि ही भेट नेमकी कुठे झाली ते यंत्र विजेच्या दाबावरून ओळखते. याचा अर्थ असा, की वरचा थर कडक करून भागत नाही. तो वाकला पाहिजे, म्हणजे मऊ असला पाहिजे, आणि मऊ असला म्हणजे ओरखड्याला त्याने दार उघडेच ठेवले. हल्ली फोनवर सर्रास बसवतात ती कडक काच या पडद्याच्या काहीच कामाची नाही. ती वाकणार नाही आणि खालचा पडदा बहिरा होईल. इथे कव्हर हवे ते अंगच्या कातडीसारखे, स्पर्श अडवणारे न होता पोचवणारे.

आणि हे कव्हर राखणार कोणापासून? आपल्या डोळ्यांसमोर लगेच किल्ल्या, नाणी, नखे येतात. पण खरा अपराधी त्यांच्याहून फार लहान आणि फार सभ्य दिसणारा आहे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक उतरंड लावली, संगजिऱ्याला एक आणि हिऱ्याला दहा. तिच्यात आपले नख अडीचच्या आसपास येते, साधी काच साडेपाचच्या, आणि वाळूतले स्फटिक म्हणजे गारगोटी सातवर. धूळ म्हणून जी आपण सदऱ्याच्या कोपऱ्याने सहज पुसून टाकतो तिच्यात या गारगोटीचे कण असतात. आणि आपल्याकडे सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा भुगा. त्या बसाल्टात फेल्डस्पार असते ते सहावर, म्हणजे काचेहूनही कठीण. प्लास्टिकची तर गोष्टच सोडा. म्हणून पडद्याचे पहिले ओरखडे बहुधा खेळताना पडतच नाहीत. ते पडतात मायेने पुसताना. कोरड्या रुमालाने गोल गोल पुसलेला पडदा उन्हात धरला, तर त्यावर बारीक वर्तुळांची एक नक्षी दिसते, अंगणात सडा घालून खराटा फिरवावा तशी. ज्याने पुसले त्याचा हेतू त्या नक्षीत स्पष्ट वाचता येतो.

आईला मोसचे नाव ठाऊक नव्हते. तिला धूळ ठाऊक होती. यंत्र हाती आल्या दिवशी तिने पहिले वाक्य उच्चारले ते असे, "आधी फुंकर, मग ओला बोळा, मग कोरडा. थेट फडका लावशील तर बघ!" देवघरातल्या चांदीच्या समईपासून ते दाराच्या काचेपर्यंत तिचा हाच क्रम होता, आणि सिंगापूरहून आलेल्या जपानी यंत्रासाठी तो बदलण्याचे तिला कारण दिसले नाही.

इथे आपण जूनमध्ये जाऊ. शाळा उघडण्याआधीचा शेवटचा रविवार, पावसाची पहिली ओल, फरशीवर पसरलेला खाकी कागदाचा रोल आणि भोवती नव्या पुस्तकांची चळत. ज्यांनी हा रविवार घरात अनुभवला आहे त्यांना वेगळे सांगायला नको, की पुस्तकाला कव्हर घालणे ही मापांची कला आहे. कागद दोन्हीकडे तीन बोटे जास्त ठेवायचा, कण्याशी वर-खाली तिरका छेद देऊन तो भाग आत दुमडायचा, घडी नखाने दाबायची, आणि पुस्तक एकदा उघडून मिटून पाहायचे. कारण मिटलेल्या पुस्तकावर ताठ बसलेले कव्हर उघडताना फाटते. शेवटच्या गोष्टीत सगळी कला आहे. कव्हर वस्तूवर नुसते बसून भागत नाही, त्याला वस्तूच्या हालचालीतही बसावे लागते. आईने आम्हा दोघी बहिणींची मिळून वर्षाला पंचवीसेक पुस्तके आणि वह्या अशा घातल्या, दहा-बारा वर्षे. डीएस घरात आला तेव्हा आमच्या शाळा संपून कॉलेजे चालू होती आणि तिचे हात, मला वाटते, थोडे रिकामे झाले होते.

तिने माप कसे घेतले, ते पाहण्यासारखे होते. पडदा चौकटीत किंचित खोल बसलेला. फूटपट्टी आत टेकेना. तेव्हा तिने मिठाईच्या पुड्यातला बटर पेपर त्यावर पसरला आणि मऊ पेन्सिल आडवी धरून कडेकडेने हलकेच घासली. लहानपणी कागदाखाली रुपया ठेवून आपण त्याची छाप काढतो, तीच कृती. चौकटीची धार कागदावर काळ्या रेषेत उतरली, कोपऱ्यांच्या गोलाईसकट. मग त्या रेषेच्या आतून, साधारण धाग्याची जाडी सोडून, तिने कापले. "रेघेवर कापलं तर अडकेल. आणि अडकलेली कड आधी उचकटते." मी गणिताची विद्यार्थिनी, हे सहनक्षमतेचे अंतर एखाद्या यंत्रशास्त्राच्या पुस्तकात असते असे मला वाटे. कोपरे कात्रीने गोल होईनात तेव्हा तिने नेलकटर काढला. नेलकटरच्या पात्याला जी मूळचीच बाक असते, ती तीन-चार टिचक्यांत कोपऱ्याला असा काही आकार देऊन गेली की मी आजही हे तुकडे पाहताना आधी कोपरेच पाहते. चारांपैकी एकावर तिसऱ्या टिचकीचा सूक्ष्म दात राहिला आहे. बोटाला तो लागतो. डोळ्याला दिसत नाही.

कशाचे कापायचे, हा प्रश्न मात्र सहजी सुटला नाही. पहिला प्रयोग वह्यांच्याच पारदर्शक प्लास्टिकचा. ते इतके मऊ, की काडी त्यावर पुढे सरकण्याऐवजी रुतायची, चिखलातून चालल्यासारखी. शिवाय हवेतली प्रत्येक लव ते अंगावर ओढून घेई. दुसरा प्रयोग वरच्या पडद्यासाठी, सेलोटेपचा, तो माझा. रुंद टेपच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या आणि पडद्याच्या मधोमध एक उभी शीव तयार झाली. खेळातला प्रत्येक प्राणी त्या शिवेवरून जाताना क्षणभर दुभंगे. आठवड्याने टेप काढली तेव्हा मागे राहिलेला चिकटा खोबरेल तेलाने सोडवावा लागला. पण या फसलेल्या प्रयोगातून एक आनंद हाती आला तो सांगायलाच हवा. उरलेल्या टेपचा तुकडा मी न्हाणीघराच्या खिडकीच्या दुधी काचेवर, तिच्या खरबरीत अंगाला, असाच चिकटवला. आणि तेवढ्या पट्टीतून एकदम बाहेरचा नारळ दिसू लागला! दुधी काच दुधी असते ती पृष्ठभागावरच्या असंख्य बारीक खळग्यांमुळे. प्रत्येक खळगा प्रकाश भलतीकडे उधळतो. टेपचा गोंद त्या खळग्यांत भरला, उधळण थांबली, आणि काच पुन्हा काच झाली. आईने ती पट्टी लगेच काढायला लावली, कारण उघड आहे.

हेच रहस्य पुढे मामेभावाच्या पीएसपी या दुसऱ्या गेमयंत्रावर कामाला आले. त्याचा पडदा म्हणजे ४.३ इंचांचा, काळ्या चकचकीत चौकटीतला, खिशात उघडाच फिरणारा. महिनाभरात त्यावर किल्लीचा एक लांब ओरखडा उमटला. मी उत्साहाने पांढरी टूथपेस्ट घेऊन बसले. टूथपेस्टमध्ये दात घासण्यापुरती बारीक भुकटी असते, आणि ती ओरखड्याच्या धारा घासून बोथट करू शकते, हे खरेच. पण मी ज्या जोमाने घासली त्या जोमाने ओरखडा गेला नाहीच, उलट भोवती बशीएवढे धुके पसरले. मामेभाऊ काही बोलला नाही. त्याचे न बोलणे अजून आठवते. शेवटी आईने बोटावर खोबरेल घेऊन तिथे एक थेंब फिरवला, आणि धुके, ओरखडा, सगळे विरून गेले. खोबरेल तेल प्रकाशाला जितके वाकवते त्याचा आकडा १.४५ च्या आसपास, आणि अशा पडद्यांसाठी वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकचा १.४९, दोघांत इतके थोडे अंतर, की तेल भरलेल्या चरात शिरताना प्रकाशाला आपण प्लास्टिकमधून तेलात आलो हे जेमतेम कळते. दोन दिवसांनी तेल पुसले गेले आणि ओरखडा जागच्या जागी होता. तरी ते दोन दिवस त्याने तेलकट बोटांनी पण खुशीत काढले.

वरच्या पडद्याला अखेरीस कव्हर मिळाले ते आजीच्या गुडघ्याचे. एक्स-रेची जुनी फिल्म. १९९५ च्या सूर्यग्रहणात तिच्यातूनच आम्ही चंद्राने खाल्लेला सूर्य पाहिला होता (पाहायला नको होता, डोळ्यांना ते धोक्याचे असते). आईने ती ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात भिजत घातली. तासाभरात वरचा काळा लेप शेवाळासारखा सुटू लागला आणि आजीचे हाड, सांधा, तारीख आणि डावी-उजवी बाजू सांगणारे अक्षर, सगळे बादलीत उतरले. उरला तो निळसर छटेचा स्वच्छ पॉलिएस्टरचा पत्रा, सुमारे ०.१८ मिलिमीटर जाडीचा, ताठ, सुरकुती न पडणारा. हा निळेपणा मुद्दाम दिलेला असतो, डॉक्टरांच्या डोळ्यांना काळे-पांढरे वाचणे सुसह्य व्हावे म्हणून. आमच्या पडद्यावर त्याने सगळ्या खेळांना श्रावणातली संध्याकाळ दिली. कापून चौकटीत सरकवला तेव्हा गोंदाची गरजच भासली नाही. फक्त, जिथे तो पत्रा पडद्याला अगदी लागून बसला तिथे इंद्रधनुषी कडी उमटली, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखी. या कड्यांना न्यूटनची वलये म्हणतात. दोन पृष्ठभागांमधल्या हवेच्या अतिपातळ थरात प्रकाशाच्या लाटा एकमेकींना भेटून काही रंग बळावतात, काही मावळतात. बोटाने दाबले की वलये जागा बदलत. घरच्या उपायांत अशी एखादी खोड राहतेच, आणि खोडीचेही आपण हळूहळू भक्त होतो. मी तर गेम बंद करून नुसती वलये हलवत बसे.

खालच्या पडद्याला इतकी जाडी चालणार नव्हती. काडी जोराने दाबावी लागली असती. तोडगा निघाला तो कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात. त्या दिवसांत फोनला अंगभर लॅमिनेशन करून देण्याची चाल होती; मोठ्या ताग्यातून फोनचा आकार कापला की कडेच्या पट्ट्या उरत. "ह्या टाकूनच देणार ना तुम्ही?" आईने विचारले. दुकानदाराने ओंजळभर पट्ट्या पिशवीत घातल्या. मागे हलका गोंद, वर घट्ट तरीही लवचीक अंग, आणि जाडी नावापुरती. आपल्या हातातला तुकडा त्या पट्टीतला.

चिकटवण्याचा विधी रविवारी दुपारी, न्हाणीघरात. आंघोळी उरकून वाफ पुरती खाली बसली, की आत जायचे. वाफेबरोबर हवेतली धूळही बसलेली असते, आणि ती जागा घरातली सर्वांत निर्मळ होते.

"दार लाव. पदर खोच. आणि बोलताना तोंड तिकडे कर."

"आई, ऑपरेशन आहे का?"

"ऑपरेशनला डॉक्टर असतो. इथे मीच आहे."

आधी टेपचा छोटा तुकडा उलटा धरून पडद्यावरचे कण टिपायचे, एकेक, चिमणी दाणे टिपते त्या सबुरीने. मग मागचा कागद सोलायचा, तोही सगळा एकदम सोलायचा नाही. केसांतून फिरवलेला कंगवा जसे कागदाचे कपटे ओढतो तसे सोललेले प्लास्टिक धूळ ओढते, म्हणून बोटभर सोलायचे, तेवढे टेकवायचे, मागून दुमडलेल्या मऊ कापडात गुंडाळलेल्या एटीएम कार्डाने पुढे सरकवायचे, पुन्हा बोटभर. हवेचा फुगा पुढे पळतो, कार्ड मागे लागते, आणि कडेशी पोचल्यावर तो सुस्कारा सोडावा तसा निघून जातो. डोळ्यांना कळेल न कळेल असा तो क्षण, आणि मागे उरणारी ती संपूर्ण, एकसंध नितळता! त्या क्षणाची बरोबरी मला तरी गरम तव्यावर भाकरी टम्म फुगण्याशीच करावीशी वाटते, फक्त इथे फुगा जाण्यात आनंद आहे. बारीकसारीक फुगे राहिले तर ते दोन-चार दिवसांत आपोआप विरत. धुळीच्या कणाभोवतीचा फुगा मात्र विरत नाही. तो कण तंबूच्या खांबासारखा कव्हर उचलून धरतो. दुसऱ्या तुकड्यात असा एक आहे. आईने तो काढायचा नाही असे ठरवले, कारण काढताना आणखी चार शिरतील. वर्षभर तो तिथे एखाद्या तिळासारखा राहिला, आणि कव्हर निघाल्यावरही त्याची पुळी या पापुद्र्यावर तशीच आहे.

चंचीचेही सांगायला हवे. यंत्राला बाहेर नेताना आईने आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या तीन पदरांची एक पिशवी शिवली, आजोबांच्या पानसुपारीच्या चंचीच्या धर्तीवर, खण पाडून: एकात यंत्र, एकात काडी, एकात चार्जर. शिवण बाहेरच्या अंगाला. आत ना बटण ना चेन, नुसती नाडी. नव्या कापडाला खळ असते आणि खळ खरखरते. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यासारखे मऊ कापड दुकानात मिळत नाही. दर शनिवारी पिशवी उलटी करून गॅलरीत झटकली जाई, कारण कोपऱ्यात साचणारी धूळच पुढे पडद्याशी पोचते. लोकल गाडीत मी ती चंची काढली, की समोरच्या बायकांना वाटे आता ही पान लावणार.

आणि आता पुन्हा तुकड्याकडे. डीएस आणला होता आम्हा बहिणींसाठी, पण त्यावर सर्वांत जास्त खेळली आई. तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक र्‍यूता कावाशिमा यांच्या नावाचा तो बुद्धीच्या व्यायामाचा खेळ, जपानमध्ये २००५ साली निघालेला. त्यात यंत्र पुस्तकासारखे उभे धरायचे. डाव्या पानावर बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे प्रश्न वर सरकत राहतात आणि उजव्या पानावर, म्हणजे आपल्या पडद्यावर, काडीने उत्तर लिहायचे. वीस उदाहरणे, नाहीतर शंभर, आणि शेवटी लागलेला वेळ. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या बाईला हे म्हणजे आवतणच. ती मनात पाढा म्हणे, ओठ हलत, आणि काडी चालायची.

पण यंत्राला आईचा एक कळेना. ती लिही तो देवनागरी एक, डोक्याला गोल वळसा घेऊन खाली शेपूट सोडणारा. यंत्र जाणे तो इंग्रजी, आणि इंग्रजीत असा दिसतो तो नऊ. बारा लिहिले की यंत्र ब्याण्णव वाचे आणि चूक देई. दोन, तीन आणि शून्य यांचे काही अडले नाही, दोन्ही लिप्यांत ते सख्ख्या भावंडांसारखे एकाच वळणाचे राहिले आहेत. शेवटी ते अंक इथूनच अरबांच्या हातून तिकडे गेलेले. चाराचे आठ होत, पाचाचा कसलाच मेळ बसत नसे. "बहिरं आहे मेलं," आई म्हणे आणि पुन्हा लिही.

आता पहिला तुकडा कलता करू. मधला गुंता सोडून द्या. एकआकडी उत्तरे सगळी तिथे, एकावर एक, हजारो. डावी कड पाहा. दोनआकडी उत्तराचा पहिला अंक तिथे पडतो, आणि तो बहुतेक वेळा एक. तिथे लहान लहान वळशांची रांग आहे, नथीच्या आकड्यांसारखी, कधी मोठी, कधी चिडून खोल दाबलेली. खोल रेषेच्या कडा अधिक झळकतात, म्हणून राग इथे सर्वांत उजळ दिसतो. दुसऱ्या तुकड्यात, तिळाच्या शेजारी, वळसे विरळ झाले आहेत. काही अर्ध्यात सोडलेले, गोल सुरू करून मध्येच सरळ खाली उतरलेले, जणू हाताला वाटेत आठवण झाली. तिसऱ्यात डावीकडे नुसत्या उभ्या रेघा. पावसाची झड खिडकीवर लागावी तशा समांतर, वेगवान, एकीलाही संकोच नाही. तोवर ती शंभर उदाहरणे मला हरवण्याइतकी झरझर सोडवू लागली होती. तीन पापुद्रे शेजारी शेजारी मांडले, की पन्नाशीतल्या एका बाईने नवी बाराखडी गिरवून पूर्ण केलेली दिसते, आणि ज्याच्यावर ती गिरवली त्या पाटीला कधी वाटलेही नाही की आपण पाटी आहोत. तिचे काम पडद्याऐवजी झिजण्याचे होते. खालचा पडदा मी परवाच पाहिला. यंत्र चालत नाही, बॅटरी फुगली आहे, पण पडद्यावर एक रेघ नाही.

निन्टेन्डोच्याच, २०२१ साली आलेल्या ओएलइडी पडद्याच्या स्विच या गेमयंत्रावर कंपनी स्वतःच एक पातळ फिल्म बसवून देते, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून, आणि ती सोलू नका असे बजावते. ज्या देशात फ्रिजच्या हँडलवरचे प्लास्टिक दहा वर्षे तसेच राहते तिथे ही सूचना कोणासाठी, कळत नाही. भाचीने तिच्या यंत्रावर त्याउपर विकतची काच बसवली आहे. ती फार चांगली आहे, अजिबात ओरखडत नाही. म्हणून तीन वर्षांनी तिच्यावर वाचण्यासारखेही काही नसेल.

तिसऱ्या तुकड्यावर मात्र माझे डोळे एका जागी अडतात. वरच्या डाव्या कोपऱ्यात, त्या सगळ्या सरळ रेघांपासून दूर, नेलकटरच्या दाताच्या अगदी खाली, एकच रेषा डोक्याशी गोल वळसा घेऊन शेपूट सोडते. इतकी नेटकी, इतकी निवांत, की ती घाईत लिहिलेली नाही. मी तो पापुद्रा आईपुढे धरला, उजेडात कलवला, आणि बोट दाखवून विचारले, की सगळे जमू लागल्यावर हा एक पुन्हा कसा काय आला.

तिने चष्मा कपाळावर सारला, तुकडा डोळ्यांजवळ नेला, एकदा इकडे, एकदा तिकडे कलवून पाहिला.

"अगं, नऊ असेल तो," ती म्हणाली, आणि तिन्ही तुकडे पुन्हा कॅलेंडरच्या कागदात गुंडाळू लागली.